थंडीतली सकाळ, नवी ३५० आणि जुन्या गाडीला सरावलेले हातपाय

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात वाळपईजवळच्या गावातून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत रोज कामाला जातो. आठची ड्युटी, म्हणून पावणेसातला घर सोडावं लागतं. बरीच वर्षं स्प्लेंडर चालवली, दिवाळीनंतर रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० घेतली. आता सकाळी बोटं बधिर होतात, हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते. गाडी चटकन सुरू होते, पण कधी कधी पहिला गिअर टाकला की बंद पडते. सावकाश चालवताना हिसके देते. ओल्या रस्त्यावर मागचं चाक सरकल्यासारखंही झालं आहे. दोष गाडीत आहे की माझ्या चालवण्यात? इंजिन किती वेळ गरम करायचं? आणि जुनी स्प्लेंडर ठेवू की विकू?

मी वाटेवरच्या साखळी गावात दुचाक्यांचं गॅरेज चालवतो आणि याच रस्त्यांवर रोज असतो. थंडी सुरू झाली की नवी गाडी घेतलेले लोक नेमक्या याच तक्रारी घेऊन येतात. तुम्ही सांगताय त्यावरून गाडीत दोष वाटत नाही. तुम्हाला गाडी चालवता येत नाही असंही नाही. तुमचे हातपाय अजून स्प्लेंडरच्या हिशेबाने चालताहेत, एवढंच. दुपारी ते जाणवत नाही, कारण रस्ता कोरडा असतो, टायर तापलेले असतात, डोकं जागं असतं आणि चूक झाली तरी सावरायला वाव मिळतो. सकाळी सातला तो वाव नसतो. गारठलेला माणूस विचार करून ब्रेक मारत नाही, सवयीने मारतो, आणि सवय जुन्या गाडीची आहे. म्हणून थंडी आणि नवी गाडी हे दोन्ही प्रश्न मी एकत्रच घेतो.

सुरुवात गिअरपासून करतो, कारण मागचं चाक सरकण्याचं मूळ मला तिथेच दिसतं.

स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. न्यूट्रलपासून चवड्याने दाबत गेलं की एक, दोन, तीन, चार. उतरवायचे तर टाचेने मागचा दांडा दाबायचा. क्लासिकला पाच गिअर, पहिला खाली आणि बाकीचे चार वर. तिथे चवड्याने दाबलं की गिअर उतरतो आणि टाचेने दाबलं की चढतो. म्हणजे बरोबर उलटं. आता होंडा गावाहून साखळीकडे येताना तुम्ही तिसऱ्यात आहात, वेग पंचेचाळीस-पन्नास. पुढचा टेम्पो बाजूला झाला, तुम्ही चौथा टाकायला म्हणून सवयीने चवडा दाबलात. पडला दुसरा. क्लच सोडल्याबरोबर इंजिन ओरडतं आणि मागच्या चाकाला मागे खेचतं. कोरड्या डांबरावर नुसता हिसका बसतो. दव पडलेल्या रस्त्यावर चाक घसरतं. त्या क्षणी एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात लागला तरी चाक अडू न देणारी सोय, कामाला येत नाही, कारण चाक ब्रेकने अडलेलं नसतं, इंजिनने अडवलेलं असतं.

यावर माझा एकच उपाय आहे, आणि तो मी सगळ्यांना सांगतो. पुढचे काही आठवडे टाचेचा दांडा वापरूच नका. गिअर चढवायचा तर चवडा दांड्याखाली घालून वर उचला, उतरवायचा तर वरून दाबा. उचलणं ही तुमच्या पायाला नवी हालचाल आहे, तिला जुनी सवय चिकटलेली नाही, त्यामुळे ती स्वच्छ बसते. टाच वापरत राहिलात तर तोच दांडा, तीच हालचाल आणि उलटा परिणाम, असा गोंधळ सहा महिने चालतो. चामडी बूट किंवा निदान जाड कॅनव्हासचे बूट घाला. चपलेतल्या गारठलेल्या अंगठ्याने दांडा नीट उचलला जात नाही आणि माणूस नकळत पुन्हा टाचेकडे वळतो. गिअर उतरवताना वेग आधी ब्रेकने कमी करा, मग एकेक गिअर उतरवा आणि क्लच सावकाश सोडा. हे सगळं संध्याकाळी गावच्या मैदानावर अर्धा-पाऊण तास केलं तर दोन-तीन दिवसांत फरक कळतो. ड्युटीला जाताना शिकायचं म्हटलं तर शिकणं होत नाही.

आता ब्रेक. जुनी स्प्लेंडर ११२ किलोची, दोन्ही चाकांना १३० मिलिमीटरचे ड्रम. क्लासिक १९५ किलोची, पुढे ३०० आणि मागे २७० मिलिमीटरची डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस. सुरुवातीच्या काही प्रकारांना मागे ड्रम आणि फक्त पुढच्या चाकाला एबीएस होतं, तेव्हा तुमच्या गाडीला काय आहे ते एकदा पाहून घ्या. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, पण ते वापरायला कोणी शिकवत नाही. आपल्याकडचे बहुतेक लोक मागच्या ब्रेकवर वाढलेले. पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. खरं तर ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि थांबवण्याचं बहुतेक काम तोच करतो. मागचं चाक हलकं होत जातं, म्हणून नुसता मागचा ब्रेक मारला की ते लवकर सुटतं. ८३ किलो जास्त वजनाची गाडी केवळ मागच्या ब्रेकवर थांबवायला गेलात तर ती थांबेल तुमच्या अपेक्षेपेक्षा बरीच पुढे.

पुढचा ब्रेक दोन टप्प्यांत दाबा. आधी बोटांनी लिव्हर हलकी ओढून घ्या, पुढचे शॉक थोडे बसू द्या, मग जोर वाढवा. एकदम आवळू नका. एबीएस लागलं की लिव्हर बोटांखाली थरथरते आणि मागचं पेडल पायाखाली ठोके देतं. पहिल्यांदा हे अनुभवलं की माणूस घाबरून ब्रेक सोडतो, आणि ते सगळ्यात वाईट. थरथरलं तरी दाबून ठेवायचं. ही थरथर ओळखीची व्हावी म्हणून, मागच्या चाकालाही एबीएस असेल तरच, मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर मागे-पुढे कोणी नाही हे बघून तीसच्या वेगाने मागचा ब्रेक मुद्दाम जोरात मारून पाहा. खडीवर किंवा सैल मातीवर एबीएस असूनही गाडी जास्त अंतर घेते, हेही लक्षात असू द्या. वळणावर पडलेल्या बारीक खडीत एबीएसचा भरवसा धरू नका.

थंडीतली आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. रात्रभर दव पडलं की डिस्कवर पाण्याचा पातळ थर असतो, आणि आपल्या दमट हवेत सकाळपर्यंत त्यावर तांबूस गंज धरतो. पहिला ब्रेक त्यामुळे एक तर मऊ लागतो, नाहीतर कर्रर्र करत एकदम पकडतो. घरापासून निघाल्यावर पहिल्या शे-दोनशे मीटरात, मोकळ्या जागी, दोन्ही ब्रेक हलके दाबून डिस्क पुसून घ्या. आवाज थांबला की झालं. हे न करता थेट उतारावरच्या वळणात पहिला ब्रेक लावणं धोक्याचं आहे.

गिअर टाकल्यावर गाडी बंद पडते त्याबद्दल. थंडीने इंजिन मरतंय असं तुम्हाला वाटतंय. आधी साइड स्टँड बघा. या गाडीला स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन आपोआप बंद होतं. सकाळी जाड पँट, बोजड बूट, अंधार, त्यात स्टँड पूर्ण वर गेलेला नसतो. स्प्लेंडरवर स्टँड विसरून निघालं तरी गाडी चालायची, आणि पहिल्या डाव्या वळणात तो रस्त्याला घासून माणूस पडायचा. म्हणून ही सोय आहे. स्टँडच्या सांध्यात माती आणि चिखल अडकला असेल तर तो वर गेल्यासारखा दिसतो पण स्विच दाबला जात नाही. सांधा डिझेलने धुवा, ग्रीस लावा. बहुतेक वेळा तक्रार तिथेच मिटते. स्टँड नीट असूनही बंद पडत असेल तर मग गाडी दाखवावी लागेल.

गिअर टाकताना खडाक आवाज येऊन गाडी पुढे उडी मारते ती वेगळी. रात्रभर उभ्या गाडीत क्लचच्या प्लेटा थंड तेलाने एकमेकींना चिकटतात. इंजिन सुरू केल्यावर क्लच पूर्ण ओढून चार-पाच सेकंद धरा, मग पहिला टाका. इंजिन सुरू करण्याआधी गिअर टाकून, क्लच ओढून गाडी थोडी मागे-पुढे ढकललीत तरी प्लेटा सुटतात.

इंजिन किती वेळ गरम करायचं? चोक ओढा, दोन-चार किका मारा, रेस धरून ठेवा, हा सगळा विधी कार्ब्युरेटरबरोबर गेला. एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम, म्हणजे बीएस ६, आले आणि जवळपास सगळ्याच गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. इंजिन किती थंड आहे हे सेन्सर सांगतो आणि पेट्रोल किती द्यायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. तुम्ही फक्त चावी फिरवा, पंपाची बारीक घरघर थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा, इंजिनचा पिवळा दिवा बघा आणि रेसला हात न लावता सेल्फ मारा. सुरू होताना रेस पिळण्याची सवय सोडा. अर्धा ते एक मिनिट इंजिन चालू द्या, तेवढ्यात हेल्मेट आणि हातमोजे घालून होतात. पाच-दहा मिनिटं अंगणात उभ्या गाडीचं इंजिन चालवून काही मिळत नाही. इंजिन थोडं तापतं, पण गिअरबॉक्स, चेन, टायर, शॉक आणि ब्रेक थंडच राहतात. ते चालल्यावरच गरम होतात. पहिले तीन-चार किलोमीटर शांतपणे चालवा, रेस अर्ध्याच्या वर नेऊ नका. गाडी नवी आहे, अजून बसते आहे, तेव्हा हे दुहेरी कामाचं.

थंडीसाठी वेगळं ऑइल घालू का, असं अनेकजण विचारतात. गरज नाही. पणजीला भर थंडीतही पारा एकोणीस-वीसच्या आसपास असतो. तुमच्या सत्तरी तालुक्यात नदीकाठी आणि घाटाच्या पायथ्याशी त्याहून खाली जातो, पण पुस्तिकेत लिहिलेलं ऑइल त्याला पुरून उरतं. पातळ ऑइल घातलंत तर दुपारच्या बत्तीस-तेहतीस डिग्रीत तेच महाग पडेल. ज्यांचं घर आणि कामाची जागा दोन-तीन किलोमीटरवर आहे त्यांनी मात्र जपावं. इंजिन पुरेसं तापत नाही, आतली वाफ उडत नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा पांढरट थर दिसू लागतो. अशांनी आठवड्यातून एकदा गाडी तासभर चालवावी. तुमच्या पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या फेरीत ही भीती नाही.

बॅटरीकडे मात्र लक्ष द्या. या गाडीला किक नाही, आणि पेट्रोलचा पंपसुद्धा बॅटरीवरच चालतो. स्प्लेंडरची बॅटरी पार संपली तरी एका किकेत कामाला जाता यायचं. इथे बॅटरी पूर्ण बसली तर उतारावर ढकलूनही भागेलच असं नाही, कारण पंप आणि कॉम्प्युटर जागे व्हायलाही वीज लागते. पहाटे सहाला वाळपईच्या बाजूला कोणतंच गॅरेज उघडं नसतं. रात्रभर उभी राहिलेल्या गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज १२.५ च्या वर असावा, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. कुठल्याही गॅरेजात मीटर लावून दोन मिनिटांत बघता येतं. बाहेरून जास्तीचे दिवे, मोठे हॉर्न लावायचा विचार असेल तर या थंडीत तरी थांबा. तारा कापून केलेल्या जोडण्यांमुळे सकाळी गाडी न उठण्याचे प्रकार मी पुष्कळ पाहतो.

हिसक्यांबद्दल. इंजेक्शनच्या गाडीत रेस पूर्ण सोडली की पेट्रोल जवळजवळ बंद होतं, आणि पुन्हा जराशी उघडली की एकदम येतं. गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरात रेस उघड-बंद केली की गाडी डोलते. साखळीच्या बाजारातून जाताना रेस पूर्ण सोडू नका, किंचित धरून ठेवा आणि वेग अर्ध्या क्लचने आणि मागच्या ब्रेकने सांभाळा. बोटं गारठलेली असली की ही बारीक रेस जमत नाही, म्हणून सकाळी हिसके जास्त जाणवतात आणि संध्याकाळी कमी. चेन ढिली असेल तरीही असंच होतं. नव्या गाडीची चेन सुरुवातीला लवकर ढिली पडते. पहिल्या सर्व्हिसिंगला ती पुस्तिकेतल्या मापाने ओढून घ्या, आणि चेनला ऑइल घरी परतल्यावर, ती गरम असताना लावा. सकाळी निघायच्या आधी लावलेलं अर्धं ऑइल मागच्या टायरवर उडतं.

आता हात. गॅरेजमध्ये नवी गाडी आली की मी आधी लिव्हर बघतो. कंपनीतून गाडी येते तेव्हा लिव्हर बहुधा सपाट, जमिनीला समांतर बसवलेली असते. तुम्ही गाडीवर नेहमीसारखे बसा, डोळे मिटा, हात हँडलवर ठेवा आणि बोटं सरळ पुढे करा. ती लिव्हरवर पडली पाहिजेत. बोटं लिव्हरच्या खाली गेली तर ब्रेक मारताना दर वेळी तुम्ही मनगट वर मोडता. गारठ्यात ती हालचाल आणखी सावकाश होते. लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट ढिले करून लिव्हर थोडी खाली फिरवायची, मनगट आणि कोपर एका रेषेत येईपर्यंत. पाच मिनिटांचं काम आहे, पण नंतर लोक विचारतात की ब्रेक बदललात का. क्लचच्या लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल ठेवा आणि केबलमध्ये ऑइल सोडा. जड क्लच थंड बोटांना लवकर थकवतो.

बोटं उशिरा हलली तर काय होतं त्याचा हिशेब करून बघा. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ब्रेकपर्यंत पोचायला अर्धा सेकंद जास्त लागला तर तुम्ही आठ मीटर पुढे गेलेले असता, ब्रेक न लागता. कदंबची बस स्टॉपवर अचानक थांबते तेव्हा आठ मीटर म्हणजे बसच्या मागच्या काचेपर्यंतचं अंतर.

हातमोजे लोकरीचे नकोत. त्यातून वारा आरपार जातो आणि रबरी ग्रिपवर ते घसरतात. चामड्याचे किंवा वारा अडवणाऱ्या जाड कापडाचे घ्या, तळव्याला पकड असलेले. फार जाडही नकोत, लिव्हर बोटांना कळली पाहिजे. आत पातळ सुती मोजे घातले तर बहुतेकांना पुरतं. पण बोटं गार पडण्याचं खरं कारण पुष्कळदा छाती असते. छातीला वारा लागला की शरीर रक्त आत ओढून घेतं आणि हातापायांना कमी पोचवतं. म्हणून आधी छाती आणि गळा झाका. त्यासाठी महागडं जॅकेट लागत नाही. पावसाळ्यात वापरलेला रेनकोटचा वरचा भाग तुमच्याकडे आहेच. स्वेटरवर तो चढवा, वारा थांबतो. नुसता स्वेटर कितीही जाड असला तरी गाडीवर निरुपयोगी. गळ्याला मफलर गुंडाळत असाल तर त्याची टोकं आत खोचा. मोकळं टोक उडून मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेलं तर गळ्याला फास बसतो. त्यापेक्षा डोक्यातून घालायचा नळीसारखा रुमाल मिळतो तो बरा. नऊनंतर ऊन तापतं, हे कपडे काढून ठेवायला मागे एक पिशवी घट्ट बांधा. सैल बांधलेला रेनकोट चाकात जाण्याचे प्रकार आपल्याकडे दर पावसाळ्यात होतात, थंडीतही होतात.

काचेवरच्या वाफेसाठी: काच एक खाच उघडी ठेवा, तेवढी हवा पुरते. रात्री काच आतून धुवून, भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब बोटाने पसरा आणि मऊ कापडाने दिसेनासा होईपर्यंत पुसा. दोन-तीन दिवस वाफ धरत नाही. चष्मा असेल तर त्यालाही हेच. बाहेरचे दवाचे थेंब डाव्या हातमोज्याच्या अंगठ्याने पुसता येतात. काचेवर चरे असतील तर काच बदला, समोरच्या दिव्याचा प्रकाश प्रत्येक चऱ्यावर फुटतो आणि धुक्यात समोर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. काळी काच सकाळी नकोच.

तुमच्या रस्त्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तो रस्ता सोपा नाही. वाळपईपासून होंडा तिस्कापर्यंत, म्हणजे होंड्याच्या तिठ्यापर्यंत, काजूच्या बागा आणि झाडांची सावली आहे. रस्त्यावर पडलेलं दव तिथे ऊन आलं तरी लवकर वाळत नाही. मोकळ्यावर रस्ता कोरडा दिसतो, वळण घेतलं की सावलीत तो ओला. ज्या भागात खनिजाचे ट्रक चालतात तिथे रस्त्याला बारीक लाल धूळ बसलेली असते. कोरडी असताना ती डोळ्यांत जाते. दवाने भिजली की साबणासारखा बुळबुळीत थर होतो, आणि हा थर पावसाळ्यातल्या ओल्या रस्त्यापेक्षा वाईट, कारण मोठ्या पावसात तो धुवून जातो, दवात जात नाही. लाल रस्ता दिसला की गाडी सरळ ठेवा, वळणाआधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक आणि गिअर दोन्हींना हात लावू नका. पांढरे पट्टे, पुलावरच्या लोखंडी जोडपट्ट्या आणि रंबलर (वेग कमी करायला लावणारे रस्त्यावरचे बारीक उंचवटे) हेही ओले असताना तसेच घसरतात.

धुकं मुख्यतः नदीच्या खोऱ्यात साचतं. वाळपईच्या बाजूला म्हादईच्या काठाने आणि पुढे आमोण्याच्या पुलावर ते तुम्हाला रोज भेटत असेल. पुलावर चढताना आकाश मोकळं असतं आणि मध्यावर अचानक काही दिसेनासं होतं. हाय बीम लावू नका, धुक्याचे थेंब तोच प्रकाश तुमच्या डोळ्यांत परत टाकतात. लो बीम ठेवा. वेग किती ठेवायचा याचा नियम एकच: जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. ओल्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने गाडी थांबायला, माणसाला सुचण्याचा एक सेकंद धरून, साधारण २५ मीटर लागतात. साठच्या वेगाला जवळपास ५० मीटर. पुढचं तीस मीटरच दिसत असेल तर चाळीसच्या वर जायचं नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलला मागे पावाची मोठी टोपली बांधून त्याच वेळी फिरत असतो. त्याचा पों पों आवाज हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही आणि सायकलला मागे दिवा नसतो. गुरं रात्री डांबरावर बसतात, कारण दिवसभर तापलेलं डांबर मातीपेक्षा ऊबदार राहतं. उठल्यावर ती कुठल्या बाजूला जातील याचा नेम नसतो, म्हणून त्यांच्या मागून जा, पुढून नको.

ऊन आल्यावर एक धोका वाढतो, त्याचा विचार फार कमी जण करतात. तुम्ही सकाळी साधारण पश्चिमेकडे जाता, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीशी. तुम्हाला सगळं छान दिसतं. पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन असतं आणि त्याला तुम्ही दिसत नाही. संध्याकाळी परत येतानाही तेच, सूर्य पुन्हा पाठीमागे. म्हणजे दोन्ही वेळा समोरचा आंधळा. कोणी उजवीकडे वळायला थांबलेला दिसला की त्याने तुम्हाला पाहिलेलं नाही असंच धरून चाला. क्लासिक काळी किंवा हिरवी असेल तर अंगावर तरी फिकट, भडक रंगाचं काही घाला. हेडलाइट आपोआप चालू राहतो, तो पुसलेला असू द्या.

माघात मंगेशीची जत्रा असते तेव्हा म्हार्दोळ-कुंडईच्या बाजूला रात्री उशिरापर्यंत गर्दी असते आणि सकाळी रस्त्यावर झोपमोड झालेले चालक. त्या दिवसांत पंधरा मिनिटं लवकर निघा.

टायरची हवा सकाळी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना बघायची. पाच-सहा डिग्रीला साधारण एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) असा फरक पडतो. सकाळी बरोबर असलेली हवा दुपारी दोन-तीन पीएसआयने जास्त दिसते, म्हणून पेट्रोल पंपावर दुपारी ती कमी करून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर मऊ लागेल, आणि नेमकी तेव्हाच पकड हवी असते. खिशात मावणारा साधा गेज घेऊन ठेवा. नवे टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतात. तुमचे आता घासले गेले असतील, पण बदलले तर हे पुन्हा लागू.

पुढेमागे रायबंदर-चोडण किंवा अशा कुठल्या फेरीबोटीवर ही गाडी न्यायची झाली तर धक्क्याचा उतार सावधपणे उतरा. ओहोटीला उतारावर शेवाळ उघडं पडतं. गाडी सरळ ठेवा, पहिला गिअर, क्लच सोडलेला, ब्रेक मागचा आणि तोही अगदी हलका. ११२ किलोची गाडी पाय टेकून सावरता येते, १९५ किलोची एकदा कलली की पाय घसरतो आणि गाडी अंगावर येते. उभी करतानाही हेच: उतारावर, मऊ मातीत, ओल्या लादीवर साइड स्टँड लावू नका.

शेवटी स्प्लेंडरचं. तुम्ही एकटेच चालवणार असाल तर विका. आज ही, उद्या ती असं केलंत तर पायाला उलटे गिअर कधीच बसणार नाहीत, आणि थंडीतल्या सकाळी नेमका चुकीचा पाय दाबला जाईल. घरात भाऊ किंवा वडील चालवणार असतील तर ठेवा, पण निदान दोन-तीन महिने तुम्ही तिच्यावर बसू नका, वाण्याकडे जाण्यापुरतंही नको. त्यानंतर कधी चालवावी लागलीच तर निघण्याआधी उभ्या गाडीवर क्लच ओढून चारही गिअर चढवून-उतरवून बघा आणि मग रस्त्यावर या.